राजाच्या तुमानीवरचा लाल डाग

लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या एका गल्लीत मिस्टर विग्गिन यांची रंगखोली होती. एक लांब टेबल, सहा बायका, सहा रंग. छापखान्यातून काळ्या रेघांची चित्रं गठ्ठ्यांनी यायची. शेगडीजवळच्या अंधाऱ्या टोकाला बसलेली बाई त्यात तपकिरी भरायची: बूट, घोडे, चिखल. मग पान सरकत सरकत कातडीचा रंग, हिरवा, निळा, पिवळा असं करत खिडकीशी पोचायचं, आणि तिथे डॉर्कस टिल्बी त्यात लाल भरायची. लाल शेवटी, कारण तो सगळ्यात महाग, आणि शेजारच्या ओल्या रंगात पसरला की पाच जणींचं काम मातीत.

लालाची खुर्ची रिकामी झाली की सगळ्या एकेक जागा पुढे सरकत. ती रिकामी व्हावी अशी इच्छा कुणी बोलून दाखवत नसे. पण डॉर्कस दोनदा खोकली की पिवळ्याच्या खुर्चीवरची हॅना स्प्रूल फारच आपुलकीने चौकशी करायची. उलट्या दिशेची वाट मात्र एकच होती. चुकलेल्या बाईला विग्गिन थेट तपकिरीच्या खुर्चीवर पाठवी. त्या कोपऱ्यात उजेड नव्हता, वर शेगडीचा धूर. तिथे गेलेली बाई दोन वर्षांत डोळे चोळत घरी बसायची, आणि विग्गिन म्हणायचा की या बायकांची नजर मुळातच कच्ची असते.

डॉर्कस सोळा वर्षांपूर्वी केंटमधून लंडनला आली. गावातल्या मजुरांनी मळणीची यंत्रं फोडली त्या हिवाळ्यात तिच्या थोरल्या भावाला, एमसला, गळ्यात दोर अडकवून गाडीमागे चालवत नेलं होतं आणि मग जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं होतं. पुढे लंडनमध्ये तिने लग्न केलं. नवरा रस्त्यावरचे दिवे लावायचा; एका संध्याकाळी शिडीवरून पडला आणि गेला. या दोन्ही गोष्टी ती कुणाला सांगत नसे. एवढंच की पडलेल्या राजाचं चित्र टेबलावर आलं की तिच्या ओठाची एक कड वर जायची. साधा माणूस पडला तर त्याचं चित्र निघत नाही. राजा पडला तर आठशे वर्षांनीसुद्धा निघतं, आणि वर त्याला रंग भरायला सहा बायका लागतात.

त्या वर्षी पडणारे राजे फार होते. जुन्या राजांची टिंगल करणारा एक इतिहास दर महिन्याला भागाभागाने निघत होता, आणि त्याची चित्रं मिस्टर बर्डेट काढत. कुणाचा मुकुट डोळ्यांवर घसरलेला, कुणी मासे खाऊन खाऊन पोट धरून बसलेला, कुणाचा खजिना दलदलीत बुडतोय आणि तो काठावर छत्री घेऊन उभा. सगळं लंडन हसत होतं. दुकानदार हसत होते, पाद्री हसत होते, बँकेतले कारकून दुपारच्या सुट्टीत एकमेकांच्या खांद्यावरून वाकून हसत होते. यात मोठं धाडस आहे अशी मिस्टर बर्डेट यांची समजूत होती. डॉर्कसला त्यात धाडस दिसत नसे. मेलेल्या राजाचं नाक ओढायला काय लागतं? जिवंत राणीची बग्गी गल्लीच्या तोंडावरून गेली की हेच हसणारे लोक टोप्या काढून चिखलात उभे राहतात, आणि सगळ्यांत पुढे मिस्टर बर्डेट.

कामाची रीत सोपी होती. मिस्टर बर्डेट एक प्रत स्वतःच्या हाताने रंगवून पाठवत. तो नमुना. तो खिडकीशेजारी भिंतीला टाचला जाई, आणि बायकांनी तसंच्या तसं उतरवायचं. विचारायचं नाही, सुधारायचं नाही. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका पुस्तकाच्या वेळी, डॉर्कसने एकदा सुधारलं होतं. नमुन्यात राजाचा एक हातमोजा लाल होता आणि दुसरा कोरा. घाईत राहिला असणार असं वाटून तिने दोन्ही लाल केले. तर मिस्टर बर्डेट यांचा विनोद असा होता की राजाचा एक हातमोजा हरवला आहे. ते खोलीत आले, पान दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं, आणि विग्गिनला विचारलं, "या बाईला विचार करायला कुणी सांगितलं?" विग्गिनने तिला महिनाभर तपकिरीवर बसवलं. महिन्यात तिच्या डोळ्यांतून इतकं पाणी गेलं की परत लालावर आल्यावर पहिले काही दिवस तिला रेघ दोन-दोन दिसत होती.

तेव्हापासून तिने विचार करणं बंद केलं. म्हणजे खोलीत. बाहेर, घरी, पावाचा तुकडा चहात बुडवताना, ती पुष्कळ विचार करायची.

मार्चमध्ये नॉर्मंडीहून आलेल्या विजेत्या राजाचं चित्र आलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल टाकताच तो तोंडावर आपटला, अशी जुनी गोष्ट सांगतात. मिस्टर बर्डेट यांनी ती मनापासून काढली होती: राजाचं तोंड वाळूत, मुकुट घरंगळत पाण्यात, आणि चित्राच्या बरोबर मधोमध आभाळाकडे वर आलेली राजाची पिवळी तुमान. त्या तुमानीच्या ऐन बैठकीवर, अर्ध्या पेनीएवढा, एक गोल लाल डाग.

डॉर्कसने नमुना भिंतीवरून उतरवला आणि नाकाशी धरला. किरमिजी रंगाला वास नसतो. या डागाला होता. रात्रीच्या जेवणानंतर बड्या घरांतून येतो तो, पोर्ट दारूचा. शिवाय कडा सांगत होत्या. भरलेल्या रंगाची कड कुंचल्याच्या ओढीने जाते; सांडलेल्या थेंबाची कड गडद होते आणि मधला भाग फिका राहतो.

हॅना शेजारून बघत होती. "हे काय गं?" ती हळूच म्हणाली.

"नमुना," डॉर्कस म्हणाली.

"डाग पडलाय तो. विग्गिनला विचार तरी."

"मी विचार करत नाही, हॅना. मला बंदी आहे."

आणि तिने डाग भरायला घेतला. हे काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. कड गडद, मध्य फिका, असा सांडलेला थेंब कुंचल्याने उतरवायचा म्हणजे रंग ओला असतानाच मधून टिपून घ्यावा लागे. पहिल्या वीस पानांनंतर तिला युक्ती साधली. मग ती इतक्या निगुतीने करू लागली की तशी निगुती तिने एखाद्या राज्याभिषेकाच्या झग्यालाही दाखवली नव्हती. चार दिवसांत दोन हजार तुमानी झाल्या. त्या चार दिवसांत ती दोनदा गुणगुणली, आणि हॅनाने काळजीने विचारलं की बरं आहे ना. पुस्तकातला प्रत्येक राजा, प्रत्येक रेघ मिस्टर बर्डेट यांची होती. हा डाग मात्र कुणाचाच नव्हता. म्हणून तो तिला आपला वाटत होता.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रकाशक स्वतः आले, मागोमाग मिस्टर बर्डेट. दाराशी उभ्या विग्गिनचा चेहरा पिठासारखा झाला होता. प्रकाशक म्हणाले की इंग्लंड जिंकणाऱ्या राजाच्या बैठकीवर हे काय आहे ते त्यांना कुणीतरी सांगावं, कारण आज सकाळी त्यांच्या बायकोने त्यांना हेच विचारलं आणि ते लाजेने लाल झाले. मिस्टर बर्डेट म्हणाले की असलं काही त्यांनी रंगवलेलं नाही. ते कलावंत आहेत, खाटीक नाहीत. आणि मग सगळे लाल रंगाच्या खुर्चीकडे बघू लागले.

डॉर्कसने भिंतीकडे पाहिलं. नमुना तिथे नव्हता. टाचणी होती. शेगडीजवळच्या बाईने नंतर सांगितलं की खाली गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा विग्गिनने काहीतरी चुरगाळून शेगडीत टाकलं. कलावंताची चूक दाखवणारा कागद आपल्या भिंतीवर असण्यापेक्षा बाईची चूक बरी, हा हिशेब त्याला करायला क्षणभरही लागला नसावा. बायका बदलता येतात. मिस्टर बर्डेट यांची कामं दुसऱ्या रंगखोलीकडे गेली असती तर विग्गिनच्या सहाही खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या.

"मिसेस टिल्बी," विग्गिन गोड आवाजात म्हणाला, "हात घसरला असेल तुमचा. सांगून टाका. साहेब काही वाघ नाहीत."

तपकिरी खुर्चीवरची बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. डॉर्कस तिकडे आली की तिची सुटका होणार होती. डॉर्कसने कुंचला पाण्यात बुडवला, टिपला आणि आडवा ठेवला. मग ती म्हणाली, "हात एकदा घसरतो, साहेब. दोन हजार वेळा एकाच जागी घसरला तर त्याला नमुना म्हणतात."

मिस्टर बर्डेट यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. प्रकाशकांनी मिस्टर बर्डेट यांच्याकडे पाहिलं, कदाचित बर्डेट यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या पोर्टची त्यांना आठवण झाली असावी. आठवडाअखेर काय ते ठरवू, असं म्हणून ते गेले. विग्गिनने डॉर्कसला सांगितलं की तोवर तिने खुर्ची सोडू नये, पण तिथे रुळूही नये.

आठवडाअखेर कुणालाच काही ठरवावं लागलं नाही, कारण लंडनने ठरवलं होतं. लडगेट हिलच्या एका दुकानाने ते पान काचेत लावलं आणि दारापुढे गर्दी हटेना. लोक डागाचे अर्थ लावत होते. कुणी म्हणे हा हरलेल्या सॅक्सन लोकांच्या लाथेचा ठसा. कुणी म्हणे नॉर्मन झेंड्याचं ठिगळ. एका विद्वान वर्तमानपत्राने लिहिलं की विजयाच्या मागे नेहमी रक्त असतं, आणि ते नेमकं कुठे असतं हे दाखवायला फार मोठी प्रतिभा लागते. दोन हजार प्रती संपल्या. आणखी तीन हजार छापायच्या ठरल्या.

सोमवारी मिस्टर बर्डेट पुन्हा आले. आता ते हसत होते. बरोबर नवा नमुना होता, आणि त्यात डाग या वेळी खऱ्या किरमिजी रंगाने काढलेला होता: कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा, मेलेला.

"बायांनो," ते सगळ्या टेबलाला उद्देशून म्हणाले, "परवा जरा गैरसमज झाला. विनोद म्हटला की तो कुणालाच, अगदी प्रकाशकालासुद्धा, आधी सांगायचा नसतो. तुम्हाला तो कळला नसेल तर त्यात वाईट वाटून घेऊ नका."

विग्गिन हसला. मग कातडी रंग, हिरवा, निळा, पिवळा असं हसू टेबलावरून सरकत आलं आणि डॉर्कसपाशी थांबलं.

"आधीच्याला वास छान होता, साहेब," ती म्हणाली.

मिस्टर बर्डेट यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. ते विग्गिनशी पुढच्या अंकाविषयी बोलू लागले. पुढच्या प्रत्येक चित्रात हा डाग हवा, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं. लोक तो शोधणार. लोकांना शोधायला काहीतरी दिलं की ते स्वतःला हुशार समजतात आणि पुढचा अंक घेतात.

अशा तऱ्हेने डॉर्कसची खुर्ची वाचली. एप्रिलमध्ये एका राजाच्या बैठकीवर डाग आला, मे महिन्यात मासे खाणाऱ्या राजाच्या, जूनमध्ये सनदेवर मोहोर उठवणाऱ्या राजाच्या आणि शिवाय दोन सरदारांच्या. तिने सगळे भरले. त्यांची तिला दया आली नाही, त्यांच्यावर हसणाऱ्यांचीही नाही. एकदा हसू आलेल्या जागी लोक दर महिन्याला पुन्हा हसायला येतात, जसं कुत्रं ओळखीच्या खांबाशी येतं. तिची एकुलती एक चेष्टा आता मिस्टर बर्डेट यांच्या सहीने दर महिन्याला विकली जात होती, आणि ती चेष्टा टिपण्याची मजा गेली होती. मध्य फिका ठेवायचा नव्हता. नुसतं भरायचं होतं.

ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या कॅले शहराचं चित्र आलं. राजाने वर्षभर वेढा घालून ते शहर उपाशी मारलं, आणि शेवटी तिथल्या सहा नागरिकांनी गळ्यात दोर अडकवून, नुसत्या शर्टावर, अनवाणी बाहेर येऊन त्याच्यापुढे गुडघे टेकले, म्हणजे बाकीचं शहर वाचावं. मिस्टर बर्डेट यांनी उपाशी नागरिक भलतेच जाडजूड काढले होते. एकाच्या डोक्यावर झोपायची टोपी होती. एक दोराच्या टोकाशी चाळा करत होता. राजा या चित्रात पडत नव्हता. तो घोड्यावर नीट बसला होता. पडायला त्याच्याऐवजी आता दुसरे मिळाले होते. आणि डाग सहा होते, सहा शर्टांच्या मागे.

डॉर्कसने बराच वेळ नमुन्याकडे पाहिलं. मग तिने राजाचा झगा भरला, घोड्याची झूल भरली, झेंडे भरले, आणि शर्ट पांढरे सोडून पान वाळायला ठेवलं. दुसरंही तसंच. शंभर पानांचा पहिला गठ्ठा बांधून खाली गेला. दुसऱ्या गठ्ठ्याचं वरचं पान विग्गिनने उचललं तेव्हा दुपार झाली होती.

"डाग राहिलेत," तो म्हणाला.

"राहिले नाहीत."

"नमुन्यात आहेत."

"मला दिसले."

विग्गिन गोंधळला. मार्चमध्ये नमुन्यापलीकडे केसभरही न सरकणारी ही बाई. त्याने खालच्या आवाजात विचारलं की तब्येत ठीक आहे का, आणि तिने हो म्हटल्यावर मोठ्या आवाजात विचारलं की मग झालंय काय. टेबल थांबलं. केंटमधल्या त्या सकाळी जमीनदाराच्या घराच्या वरच्या खिडकीत पाहुणे उभे होते. एमस गाडीमागून अडखळत चालला होता, पाठीवर शर्ट फाटून लोंबत होता, आणि खिडकीतली एक बाई ते बघून हसली होती; वाईट हसू नव्हतं ते, एखाद्या चित्राला हसावं तसं होतं. यातलं डॉर्कसने काही सांगितलं नाही. विग्गिनला सांगून काय मिळणार होतं? त्यालाही हसूच आलं असतं, फक्त त्याने ते आवरलं असतं.

"राजांना कितीही भरते," ती म्हणाली. "गळ्यात दोर असलेल्या माणसाला नाही."

"चित्र आहे ते, मिसेस टिल्बी."

"हो ना."

"भरा, नाहीतर तिकडे बसा," विग्गिन म्हणाला आणि शेगडीकडे बोट केलं.

डॉर्कस उठली. पण शेगडीकडे गेली नाही. तिने कुंचला धुतला, ओठांत धरून त्याचं टोक नीट केलं आणि बॉनेटच्या फितीत खोचला. कुंचला तिचा स्वतःचा होता. खुर्ची पूर्ण मागे सरायच्या आत हॅना स्प्रूल उठून उभी राहिली होती. तिच्यामागे निळी, निळीमागे हिरवी. खुर्च्यांचा तो खरखर आवाज डॉर्कसने जिन्यात ऐकला. तपकिरीवरची बाई सोळा महिन्यांनी एक जागा उजेडाकडे सरकली असणार. डॉर्कसने तिच्यासाठी हे केलं नव्हतं; पण झालं ते बरं झालं.

पुढे होबर्नमधल्या एका नकाशेवाल्याकडे तिला काम मिळालं. तिथे बैठक एकट्याची होती, खिडकी उत्तरेची. नकाशात माणसं नसतात, ही गोष्ट तिला फार आवडली. समुद्राच्या काठाने निळी ओढ द्यायची, आणि राणीसाहेबांचा मुलूख तेवढा लाल करायचा.

नाताळच्या आसपास हॅना भेटायला आली. लाल खुर्चीने ती जाड झाली होती आणि थोडी लाजत होती. तिने बरोबर आल्याचा केक आणला होता आणि एक बातमी. डॉर्कसने पांढरे ठेवलेले ते शंभर कागद विग्गिनच्या हाती लागण्याआधीच बांधणीला गेले होते. ते विकले गेले.

"मग?" डॉर्कसने विचारलं. तिचा हात थांबला होता.

"मग काय, परत आले. ऐंशी-नव्वद तरी आले असतील. गिऱ्हाइकं दुकानात भांडत होती म्हणे, की आमच्या प्रतीत विनोद घालायचा राहिलाय. बदलून घेतले सगळ्यांनी." हॅनाने केकचा चुरा स्कर्टवरून झटकला. "मीच भरले मग डाग, परत आलेल्यांत. चुरगळलेले होते, नीट बसेना रंग."

डॉर्कस हसली. हॅनाने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही. ती लवकरच निघाली.

अठराशे एकोणपन्नास साली नकाशेवाल्याने हिंदुस्थानचा नमुना नवा लावला. पश्चिम किनाऱ्यापासून जरा आत, गेल्या वर्षी डॉर्कसने पिवळा ठेवलेला एक लहानसा तुकडा या वर्षी लाल होता. शेजारी बारीक अक्षरांत नाव होतं. सटारा, की असंच काहीतरी. तिथला राजा मेला आणि त्याला पोटचा मुलगा नव्हता, एवढंच नकाशेवाला म्हणाला, आणि दुपारपर्यंत पन्नास प्रती हव्यात हेही म्हणाला.

डॉर्कसने नमुना उचलून नाकाशी धरला. कडा पाहिल्या. कुठे गडद नव्हत्या, मध्ये फिकं नव्हतं. दारूचा वास नव्हता. तिने कुंचला किरमिजीत बुडवला.